चौसष्टच्या चौसष्ट!

"चार वाजता मशीन न्यायला या शेठजी. तासाभराचं तर काम आहे!" तृप्तीनं बजरंगलाल शेठना फोनवर ठणकावून सांगितलं आणि त्याच क्षणी दीड वर्षाच्या अर्पितानं सर्व्हरच्या वायरीला हात घातला. पोरगी काखेत, फोन स्पीकरवर, अशी ती कामाला लागली.

शेठची बियाणं तपासायची लॅब. उगवणीच्या कपाटांचं तापमान सांभाळणारा तिथला जुना सर्व्हर सकाळी धूर काढून गप्प झाला होता. आत दहा दिवसांचे कोवळे कोंब. लॅबमधला राधेश्याम हातानं बटणं दाबून संध्याकाळपर्यंत तग धरणार, पुढे सगळे माना टाकणार, आणि ऐन पेरणीत शेतकऱ्यांचं बियाणं अडकणार. लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणारी तृप्ती पोरीला ताप म्हणून घरी. म्हणून दुसरा सर्व्हर रिक्षात बसून जुन्या जालन्यातल्या तिच्या घरी आलेला.

काम मोठं अजब! एका मशीनच्या पोटात तीन मशिनं. बाहेरचं ते होस्ट, आतले ते गेस्ट. तिन्ही गेस्ट बॅकअपमध्ये सुखरूप झोपले होते, पण दहा वर्षांपूर्वीचे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये डोळेच उघडेनात! जुनं सॉफ्टवेअर तर कंपनीनं कधीच बंद केलेलं.

"ताई, नेटवर फुकट मिळून राह्यलं की," राधेश्याम फोनवर म्हणाला.

"बिलकुल न्हाई!" उकळल्याशिवाय चमचाही पोरीच्या तोंडाला न लावणारी बाई ती. "कुणाचं कोण, कुठून आलं, कळायला नको? लॅबच्या कपाटातली मूळ सीडी मी पेनड्राइव्हवर घेतलीय. त्याच घरातलं चालेल. आणि ठसा जुळल्याशिवाय तिन्ही गेस्ट आत घ्यायचेच न्हाई!"

"अन् नेट?"

"बाहेरच्या जगाशी संबंधच नको. जुन्या वळणाचे आहेत, कुणीही येऊन बिघडवील."

मेथी निवडणाऱ्या सगुणाबाईंचा हात थांबला. गेस्ट म्हणजे पाहुणे, एवढं इंग्रजी सासूबाईंना येत होतं. घरात लग्नाची लेक प्रिया! सून परस्पर पाहुणे आणून राह्यली, आणि तेही किती पारखून! त्या मेथी टाकून शेजारच्या द्वारकाबाईंकडे धावल्या आणि त्यांना घेऊनच स्वयंपाकघरात परतल्या.

इकडे सीडीच्या डबीतला कागद राधेश्याम फोनवर वाचू लागला, आणि तृप्ती पडद्याशी ताडून पाहू लागली. फाइलचा ठसा म्हणजे चौसष्ट आकडे-अक्षरांची माळ. एक जरी वेगळं निघालं, तर आत कुणीतरी हात घातलाय.

"सात, एफ, तीन, बी..."

"बी की डी?"

"बी, बी! बैलाचा बी!"

घसा कोरडा पडेपर्यंत हे चाललं. शेवटचं अक्षर जुळलं तशी तृप्ती ओरडली, "जुळले! चौसष्टच्या चौसष्ट जुळले!"

स्वयंपाकघरात ताटली पडली.

"छत्तीसच असतात ना वं?" द्वारकाबाई कुजबुजल्या.

"आपल्या वेळी छत्तीस होते," सगुणाबाई भारावून म्हणाल्या. "आता वाढवले असतील."

पाच मिनिटांत गल्लीभर झालं. चौसष्ट गुणांचा नवरदेव! बायका दारातून डोकावू लागल्या. तृप्तीला वाटलं, पोरीचा ताप विचारायला आल्या असतील. पडद्यावर सॉफ्टवेअर चढत होतं. नव्वद टक्के... ब्याण्णव... आणि मिट्ट काळोख!

"वायर कुणी काढली?"

"मी," मिक्सर हातात धरून द्वारकाबाई. "पाहुण्यांना चटणी नको का?"

"कोणते पाहुणे?"

"लाजून काय राह्यलीस, आम्हाला समदं माहीताय!"

भांडायला वेळ नव्हता. तृप्तीनं पहिल्यापासून सुरुवात केली आणि वायरीवर पाय देऊन बसली. पावणेचारला पहिला गेस्ट उठला. मग दुसरा. मग तिसरा! एका लोखंडी पेटीत तीन जीव कुणाच्याही आधाराशिवाय चालू लागले. तिच्या अंगावर काटा आला. अर्पितानं दवाखान्यात पहिल्यांदा डोळे उघडले होते, तेव्हा आला होता अगदी तस्साच!

बरोबर चार वाजता दारात बजरंगलाल शेठ आणि पेटी उचलायला दोन माणसं. म्हणजे बराबर तीन पाहुणे! त्यांना बसवलं गेलं. जरीच्या साडीत, फुगलेल्या गालांनी प्रिया पोहे घेऊन आली.

सगुणाबाईंनी पदर सावरला. "शेठजी, आमच्या तृप्तीनं पसंत केलेला... तो कसा आहे हो?"

शेठनी पेटीकडे प्रेमानं पाहिलं. "जुना आहे, पण घरचा आहे. तापला की आवाज करतो. पंखा लावला की शांत."

"अन् पुढचं?"

"पुढचं काय, अजून दोन वर्षं काढली तरी खूप झालं!"

"दोनच वर्षं?" सगुणाबाईंनी शेठच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. "आमची पोरगी काय आम्हाला जड झालीय का?"

"आई!" तृप्ती किंचाळली. "ते मशीनचं सांगून राह्यले!"

मग प्रिया जी हसत सुटली, ती साडीसकट खाली बसली.

साडेपाचला राधेश्यामचा फोन आला. मशीन लॅबमध्ये लागलं होतं, कोंब ताठ होते.

तृप्तीनं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. अगदी होस्ट, गेस्ट, ठसा, सगळं! मान डोलावत सगळ्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई भाच्याची पत्रिका घेऊन दारात हजर.

"चौसष्टवालं बघ बाई. छत्तीसचं आता कंपनीनं बंद केलं म्हणे!"