पांढऱ्याची गॅरंटी

नाना कोणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी उठत, खिशातून कापसाचा एक पुंजका काढत आणि त्या घराच्या दाराच्या चौकटीला लावून बघत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, यांचा कान दुखतोय. मी तेल कोमट करून आणू का म्हणून विचारलंही. नानांनी एक डोळा बारीक करून चौकट बघितली आणि निकाल दिला, "कवडी."

डागाळलेल्या कापसाला आमच्या खानदेशात कवडी म्हणतात. चौकट आम्ही दिवाळीला रंगवली होती आणि त्यासाठी मी पोस्टातून रजा काढली होती. तरी मी चहा दिला.

नाना म्हणजे धुळ्यात, देवपुरातले आमचे भिंतीला भिंत शेजारी. मूळचे दोंडाईच्याकडचे. सगळी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून झाली. शेतकऱ्याने गाडी लावली की मूठभर कापूस उचलायचा, उत्तरेच्या उजेडात धरायचा आणि प्रत सांगायची. तुम्हा-आम्हाला पांढऱ्याचे दोनच प्रकार माहीत, पांढरं आणि मळकं. नानांकडे दुधी होतं, राखी होतं, हाडकी होतं, चुन्याचं होतं आणि 'दखाले बरं', म्हणजे नुसतं बघायला बरं, नावाचं एक होतं, ते सगळ्यात वाईट. नोकरी संपली तरी खिशातला नमुन्याचा कापूस काही सुटला नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी घर बांधलं. आमच्या गल्लीत झाडून सगळ्या चौकटी चॉकलेटी. धूळ, स्टोव्हची काजळी, पोरांचे हात, सगळं चॉकलेटी रंग पोटात घालतो. पण नानांच्या बायकोने, म्हणजे अक्काने, लहानपणी एका जिनिंग मिलवाल्या शेठच्या बंगल्याच्या पांढऱ्याशुभ्र खिडक्या पाहिल्या होत्या. "तिनी अख्खा संसारमा काही मांगं नही," नाना मला म्हणाले, "एक पांढरी चौकट मांगी." एवढं म्हटल्यावर कोण चॉकलेटी लावेल?

चौकटी पांढऱ्या झाल्या. वर्षभराने एक दिवस अक्का म्हणाली, "आहो, चौकट पिवयी पडनी." तिथून आमच्या गल्लीची शांतता गेली.

आग्रा रोडवरच्या रंगवाल्या शेठजींनी नानांना येताना पाहिलं की ते हिशेबात डोकं घालत. नाना डबा उघडायला लावत. काडीने रंग ढवळून ती उजेडात नेत. शेठजी म्हणत, "बघा नाना, बगळ्यासारखा पांढरा."

"बगया आज पांढरा शे. पांढरं दिसनं अलग, पांढरं ऱ्हानं अलग. गॅरंटी कोन देई?"

"नाना, मी सख्ख्या भावाची गॅरंटी देत नाही, रंगाची कुठून देऊ?"

मग नानांनी स्वतःच परीक्षा मांडली. लाकडाच्या पट्ट्या घासल्या, खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वेगवेगळ्या डब्यांतला ऑइलपेंट लावला. एक पट्टी स्टोव्हच्या वर टांगली, एक देवाजवळ समईच्या धुरात, एक खिडकीत उन्हात, एक कपाटात अंधारात. आणि एक आमच्या स्वयंपाकघरात, कारण "ताई, तुमनाकडे तयन जास्त व्हस." आमच्या तळणाचा लौकिक भिंतीपलीकडे गेलाय हे मला तेव्हा कळलं.

गंमत अशी की सगळ्यात पिवळी कपाटातली पट्टी झाली. पांढरा ऑइलपेंट धुरापेक्षा अंधाराने जास्त पिवळा पडतो, या शोधाने नानांना झोप येईना. ते लोकांच्या घरी जाऊन न विचारता पडदे सरकवू लागले. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण मिळायच्या आधी पट्ट्या बघून "यामा पांढरी कोनती?" याचं उत्तर द्यावं लागे. मग रंगात थेंबभर निळा टाकण्याचे प्रयोग झाले. एकदा थेंब मोठा पडला आणि आठवडाभर त्यांची खिडकी आजारी माणसासारखी दिसत होती.

नव्याने रंग दिला की नाना अक्काला बोलावत. अक्का पदराला हात पुसत येई, बघे आणि म्हणे, "पिवयाच दिसस." नाना मान हलवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आग्रा रोड.

एका वैशाखात माझ्या गच्चीवरच्या कुरडयांना टर्पेंटाइनचा वास लागला आणि माझा संयम संपला. कुरडयांचं ताट तसंच घेऊन मी नानांच्या ओट्यावर गेले. चौकट ओली होती आणि पांढरी होती. इतकी पांढरी की उन्हात डोळ्यांना त्रास व्हावा.

"नाना, काढा तुमचा कापूस," मी म्हटलं. "लावा चौकटीला. आणि सांगा मला पिवळी आहे का. जन्मभर ग्रेडर होतात ना?"

नानांनी आत पाहिलं. अक्का तांदूळ निवडत बसली होती, ताट अगदी नाकाशी धरून. नानांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि मला फाटकापर्यंत आणलं.

"ताई, पैली बार खरीच पिवयी पडनी व्हती," ते हळू म्हणाले. "आते पांढरी शे. माले समजस नही का?"

"मग रंगवताय कशाला?"

"तिना डोयामा मोतीबिंदू शे. तिले पांढरं बी पिवयं दिसस."

अक्काच्या आईचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. तेव्हापासून अक्कासमोर कोणी ऑपरेशन हा शब्द काढला की ती उठून आत जाई, आणि त्या दिवशी जेवत नसे.

"रंग खराब शे म्हनं तर ती नुसती चिडस," नाना म्हणाले. "डोया खराब शेतस म्हनं तर घाबरी जाई. चिडनं चालस, ताई."

"पण असं किती दिवस? पुढे तिला दिसायचंच बंद होईल."

"मालूम शे," नाना म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले. मला त्यांची फार दया आली आणि खरं सांगते, अक्काचा हेवाही वाटला. आमच्याकडे मी चष्म्याचा नंबर वाढला म्हटलं की 'वय झालं' एवढंच उत्तर येतं.

तो पावसाळा असाच गेला. नंतर एका दुपारी नाना बाजारात गेले असताना अक्का आमच्याकडे आली. धुवायला काढलेल्या सदऱ्याच्या खिशातला पुंजका तिच्या तळहातावर होता. एरवी नाना तो आठवणीने काढून ठेवत, तिच्या हाती कधी लागू देत नसत.

"ताई, हाऊ कापूस कसा शे?"

"पांढरा."

"नीट दखा."

"शुभ्र आहे, अक्का."

तिने तो खिडकीशी नेला, उलटसुलट केला. "माले पिवया दिसस," ती म्हणाली. मग पुंजका पुन्हा तळहातावर ठेवला. "पन त्यासना खिसामा कवडी कापूस ऱ्हावाव नही."

नानांच्या रंगावर तिचा विश्वास नव्हता, शेठजींवर तर नव्हताच. पण नानांच्या कापसावर होता. ती उंबऱ्यावर खाली बसली.

"म्हंजे चौकट बी पांढरीच व्हई. त्यासले मालूम शे?"

मी मान हलवली. तिला ती दिसली की नाही कोण जाणे, म्हणून 'हो' असं तोंडानेही म्हटलं. अक्काने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ही घाबरणार. ती घाबरलीच होती. पण उठताना म्हणाली, "त्यासले सांगा, रंग बंद करा आनि रिक्षा लई या."

ऑपरेशनच्या दिवशी मी नानांबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले होते. समोरची चौकट अशी पिवळी, की एरवी नानांनी डॉक्टरांना बाहेर बोलावून सुनावलं असतं. त्यांचा हात खिशात होता, पण कापूस बाहेर आला नाही.

"बघा तरी," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या ताई. त्यासले आत काम करू द्या."

पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. अक्का घरी येऊन दारात उभी राहिली. गाडी लावून शेतकऱ्याने ग्रेडरच्या तोंडाकडे बघावं तसे नाना तिच्याकडे बघत होते.

"पांढरी शे," अक्का म्हणाली. जरा थांबून, "वरना कोपरामा ब्रशना केस चिकटेल शे."

मग ती नानांकडे वळली आणि बघतच राहिली. "आहो, तुमना केस कव्हय इतला पांढरा व्हयनात?"

 नानांनी खिशातून कापूस काढला, स्वतःच्या डोक्याला लावला आणि उत्तरेच्या खिडकीकडे जाऊन उभे राहिले. "प्रत सांग," ते म्हणाले.

अक्काने चष्मा नीट केला. जवळ जाऊन बघितलं, लांबून बघितलं.

"पैल्ला नंबर."

"गॅरंटी कोन देई?"

"मी देसू," अक्का म्हणाली.

नाना तोंड फिरवून ब्रशचा तो केस काढायला स्टूल शोधू लागले. स्टूल त्यांच्या समोरच होतं.