सातनळ वस्तीचा दगड

"अहो, पीएमटीत तीस वर्षं घंटी ओढलीय मी! कात्रजच्या गाडीत मुंगीला जागा नसायची, तिथे मी लग्नाचं वऱ्हाड बसवलं! आणि एवढा एक दगड लिफ्टमध्ये बसत नाही म्हणजे काय?"

सुखदेवराव असं म्हणाले आणि दादामियाँनी कपाळाला हात लावला. सुखदेवरावांनी पीएमटीचं नाव काढलं की दादामियाँच्या कंबरेचे हाल ठरलेले. तरीही जुन्या दोस्तीला जागून त्यांनी आपली हातगाडी आणली होती आणि गाडीवर तो दगड होता.

दगड म्हणजे साधासुधा नव्हे! सातनळ वस्तीच्या नळकोंडाळ्यावरचा, कपडे आपटायचा दगड. वस्तीचं नाव सातनळ, पण नळ मेला एकच! पानशेतच्या पुरात घरं वाहून गेली, ती माणसं इथे येऊन पत्रे ठोकून राहिली. मग नळ आला, नळाशेजारी हा दगड आला. त्याच्यावर धुणी झाली, भांडणं झाली, दोन-तीन लग्नंही तिथेच ठरली. पुढे वस्ती पाडली आणि सगळ्यांना अकरा मजली इमारतीत घरं मिळाली. घरात नळ, नळाला पाणी, दाराला लॅच. आणि दारं सगळी बंद!

गेल्या महिन्यात सहाव्या मजल्यावरचा शंभू गेला. सुखदेवराव त्याच्या बरोब्बर डोक्यावर, सातव्या मजल्यावर. त्यांना कळलं कुठे, तर मोबाईलच्या ग्रुपवर, तेही सगळं उरकल्यावर! ज्याच्याबरोबर उघड्यानागड्याने नळाखाली अंघोळी केल्या, त्याला खांदा द्यायचा राहून गेला. त्या दिवसापासून सुखदेवरावांना अन्न गोड लागेना.

"दादा, उद्या मी गेलो तर?"

"तर मीही ग्रुपवर हात जोडीन," दादामियाँ म्हणाले. "चौथ्या मजल्यावरून तेवढंच जमतं."

मग सुखदेवरावांनी ठरवलं, की पाडलेल्या वस्तीच्या जागेवर पडलेला तो दगड आणायचा. दगड असला की माणसं टेकतील, टेकली की बोलतील. सोसायटीचा चेअरमन अभय, वस्तीतच जन्मलेला, आता हडपसरला कंपनीत. तो म्हणाला, "काका, पार्किंगमध्ये अलाऊड नाही."

"अरे, याच दगडावर बसवून तुझी आई तुला अंघोळ घालायची!"

"काका, प्लीज! हे ग्रुपवर टाकू नका."

पार्किंग नाही तर नाही, सातव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ठेवू! म्हणून ही लिफ्टची मोहीम. दगड गोणपाटात गुंडाळला. दादामियाँ मागून रेटत होते, सुखदेवराव पुढून ओढत होते. "चला, पुढे चला, आत जागा आहे!" असं स्वतःच ओरडत होते. दगड अर्धा आत गेला, गोणपाट सुटलं आणि दगडाने दारातच बसकण मारली. लिफ्टचं दार दगडावर आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं ते रुळावरून निसटून तिरकं लोंबायलाच लागलं. आत दिवा विझला.

"बसला रे बाबा तुझा दगड!" दादामियाँ म्हणाले.

दोघांनी धापा टाकत दगड मागे ओढला, पण लिफ्ट काही हलेना. संध्याकाळची वेळ, माणसं कामावरून परतायला लागली. जिना होता, पण त्याचा उपयोग काय? वस्ती सुटली तरी पाणी साठवायची सवय कुणाची सुटली नव्हती. घरात मावेनात ती पिंपं सगळ्यांनी जिन्यात मांडली होती. तिसऱ्या मजल्यापुढे मांजरसुद्धा जाईना!

सुंदराबाई नातीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडून आल्या. वय ब्याऐंशी, राहायला नवव्या मजल्यावर. त्या सुखदेवरावांवर कडाडल्या, "मुडद्या, नळावर तू माझा हंडा मागे सारायचास, आता घरी जायची वाट अडवलीस!"

"मावशी, हंडा माझाच पहिला होता!"

"खोटं! आबेदाला विचार!"

दादामियाँची बायको आबेदा नुकतीच भाजी घेऊन आली होती. तिने सुंदराबाईंच्या बाजूने साक्ष दिली. चौथ्या मजल्यावरच्या दशरथने सुखदेवरावांची बाजू घेतली. झालं! चाळीस वर्षांपूर्वीचा हंडा पुन्हा उभा राहिला. भांडता भांडता सुंदराबाईंचे पाय दुखले, त्या दगडावर बसल्या. त्यांच्या शेजारी आबेदा बसली. कुणीतरी चहा मागवला. शंभूची गोष्ट निघाली. नळावर साप निघाला तेव्हा शंभू हंड्यासकट पत्र्यावर चढला होता. सगळे हसले. मग सुंदराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मला सांगितलंच नाही रे कुणी," त्या म्हणाल्या. "मी दार लावून मालिका बघत होते."

सुखदेवरावांनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. आणि खरं सांगायचं तर, मनातून ते इतके सुखावले होते, की लिफ्ट मोडल्याची लाजही वाटेना.

तेवढ्यात मेकॅनिक आला. मेला, नेमका तोच वेळेवर! खुडबुड केली, दार रुळावर चढवलं आणि दिवा लागला. दादामियाँ पुराची गोष्ट सांगत होते. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. ते तिथेच राहिलं. सगळे उठले. "मी आधी!" "माझा नंबर!" करत लिफ्टमध्ये घुसले, आणि दोन-चार फेऱ्यांत खाली सामसूम झाली.

शेवटच्या फेरीत सुंदराबाई गेल्या. दार लागता लागता त्यांनी काठी आडवी घातली.

"सुखदेवा, पुन्हा कधी?"

"काय पुन्हा कधी, मावशी?"

"लिफ्ट कधी मोडतोस?"

दार लागलं. सुखदेवराव खुळ्यासारखे हसत उभे राहिले. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. असं फिट केलंय, आता दहा वर्षं बंद पडत नाही!"

सुखदेवराव सभ्य माणूस. त्यांनी "थँक्यू" म्हटलं. मनातल्या मनात मात्र जी शिवी हासडली, तशी नळकोंडाळ्यावरसुद्धा कधी कुणी दिली नव्हती.