कर्णिक वकिलांची बॅटरी

ठाण्याच्या कोर्टात भाऊसाहेब कर्णिक एकदा ऐन उलटतपासणीत थांबले. दावा विहिरीच्या वाटणीचा होता, साक्षीदार पुरता कोंडीत सापडला होता, आणि नेमकी तेव्हाच बाहेर आवारात कुणाची तरी मोटार सुरू होता होता कण्हली. भाऊसाहेबांनी हात वर केला. सगळं कोर्ट गप्प झालं. मोटार दुसऱ्यांदा कण्हली, मग कशीबशी लागली आणि निघून गेली.

"पंधरा दिवस," भाऊसाहेब म्हणाले. "फार तर तीन आठवडे."

जज्जसाहेबांनी विचारलं, कसले?

"त्या बॅटरीचे, साहेब. अंगावर काढतेय बिचारी."

मोटार जज्जसाहेबांचीच होती, त्यांचा ड्रायव्हर घेऊन निघाला होता. तेवढ्या वेळात साक्षीदार सावरला आणि भाऊसाहेब दावा हरले. पण महिना उलटायच्या आत जज्जसाहेब एक दिवस घामाघूम होऊन पायी कोर्टात आले, आणि मधल्या सुट्टीत त्यांनी भाऊसाहेबांना आत बोलावून घेतलं. नवी बॅटरी कशी सांभाळावी, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी तेव्हा नौपाड्यात भाऊसाहेबांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो आणि शाळेत संस्कृत शिकवत होतो. मोटारीतलं मला फक्त बसता येतं. तरी त्या माणसाकडे मी तोंडाचा आ करून बघत राहायचो, कारण आम्हा बाकीच्यांना जो नुसता भोंगा ऐकू यायचा, त्यात त्यांना त्या गाडीची तब्येत कळायची. गल्लीच्या तोंडाशी एखादी टॅक्सी वाजली की पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणायचे, "घसा बसलाय. पाणी कमी झालं असणार." आणि खरोखरच कमी झालेलं असायचं.

"बॅटरी अचानक कधी जात नाही, मास्तर," ते मला सांगायचे. "महिनोन्महिने सांगत असते. बटण दाबल्यावर इंजिन रेंगाळतं, दिवे पिवळे पडतात, पाणी लवकर आटतं. आपल्याला ऐकायचं नसतं, म्हणून आपण म्हणतो, काल तर चांगली होती."

रविवारी सकाळी त्यांची पूजा चालायची. देवाची नव्हे, बॅटरीची. त्यांच्या जुनाट विलायती गाडीचं बॉनेट उघडून ते वाकायचे. तारा जोडलेल्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की ती धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं, दातांच्या जुन्या ब्रशानं घासून काढायची, कोरडी पुसायची, मग वर व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. पट्टा घट्ट आहे ना, हलत नाही ना, ते बघायचं. शेवटी रबरी फुग्याची काचेची नळी बॅटरीच्या एकेका खणात बुडवून आतलं पाणी वर ओढायचं आणि त्यात तरंगणारी कांडी किती वर येते ते डोळे बारीक करून पाहायचं; कांडी वर म्हणजे बॅटरी ठणठणीत. ती कांडी वर येईपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला मी पाहिलाय. बॅटरीतल्या तेजाबाच्या शिंतोड्यांनी त्यांच्या एकूण एक धोतरांना भोकं पडली होती, आणि कोर्टात काळ्या कोटाखाली ती सगळ्यांना दिसायची. त्यांना त्याचं काही नव्हतं.

खणात घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. केमिस्टाकडून आणलेली बाटली ते कुलपात ठेवायचे. एका मेकॅनिकनं नळाचं पाणी ओतायला डबा उचलला, तेव्हा भाऊसाहेबांनी त्याला तिथल्या तिथे सदोष मनुष्यवधाचं कलम समजावून सांगितलं होतं. तो माणूस डबा तसाच ठेवून निघून गेला.

आणखी एक नियम होता. गाडी सुरू करताना बॅटरी जेवढं देते, तेवढं तिला परत मिळेपर्यंत गाडी थांबवायची नाही. त्यामुळे कर्णिकांच्या घरातून कुणालाही जवळ कुठे जाता येत नसे. त्यांची थोरली बहीण जिजी दर सोमवारी कोपिनेश्वराला जायची. देऊळ गाडीनं पाच मिनिटांवर. पण भाऊसाहेब तिला आधी माजिवड्याच्या नाक्यापर्यंत फिरवून आणायचे आणि मग देवळात सोडायचे. वाटेत जो भेटेल त्याला आत घ्यायचे. मीही कितीतरी सोमवार काही काम नसताना माजिवडा बघून आलो आहे. जिजी पुढच्या सीटवर फुलांची परडी मांडीवर घेऊन बसायची आणि म्हणायची, "शंकर थांबेल रे, बॅटरी नाही थांबायची."

जिजी लहान वयात विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आई गेल्यावर भाऊसाहेबांना तिनंच वाढवलं, तिनंच शिकवलं. त्यांनी लग्न केलं नाही. जगात त्यांची म्हणून एवढीच दोन माणसं होती, एक जिजी आणि दुसरी ती बॅटरी. जिजीला अलीकडे चार पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा, त्यामुळे सोमवार गाडीशिवाय जमण्यासारखा नव्हता.

आणि त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर भाऊसाहेबांचीच बॅटरी रेंगाळायला लागली.

दुसऱ्यांच्या बॅटऱ्यांचं भविष्य हसत सांगणारा माणूस कोमेजून गेला. नवी विलायतेहून यायची होती, आणि मुंबईचा दुकानदार नुसतं "येईल, येईल" म्हणत होता. एका सकाळी ते चहा पिता पिता मला म्हणाले, "मास्तर, काही खरं नाही. शेवटच्या घटका मोजतेय." जिजी आत भाजी निवडत होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

दुपारी भाऊसाहेब कोर्टातून आणि मी शाळेतून एकदमच आलो, तर बॉनेट उघडं. जिजी गाडीला टेकून धापा टाकत उभी, पदर खोचलेला, आणि हातात तांब्याचा छोटा गडू. तो मी त्यांच्या देवघरात नेहमी पाहिलेला होता. जिजी तरुणपणी काशीला गेली तेव्हा तिनं तो गंगा भरून, कथलानं तोंड डाखून बंद करून आणला होता, स्वतःच्या शेवटच्या क्षणासाठी. ते डाखलेलं तोंड तिनं अडकित्त्यानं फोडलं होतं आणि सगळी गंगा खणाखणांत वाटून ओतली होती. वरून वाहिलेलं पाणी चाकाशी साचलं होतं.

"शेवटच्या घटका मोजतेय म्हणालास ना," ती म्हणाली. "मग तोंडात गंगा नको घालायला? आणि शुद्धच पाणी लागतं म्हणतोस. याहून शुद्ध कुठलं आणू?"

मी डोळे मिटून घेतले. नळाच्या पाण्यावर कलम लावणारा माणूस, आता काय होईल ते मला ऐकायचं नव्हतं. डोळे उघडले तर भाऊसाहेब खाली वाकून आपल्या उपरण्यानं जिजीच्या पायांवर उडालेलं पाणी टिपत होते. तेजाबानं तिला भाजायला नको म्हणून.

"बरं केलंस," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नसतं."

बॅटरी चौथ्या दिवशी गेली. त्यात गंगेचा दोष किती आणि वयाचा किती हे कुठल्याही कोर्टात सिद्ध करता आलं नसतं. पण जिजीला ते कळलं नाही, कारण भाऊसाहेबांनी कळू दिलं नाही. सोमवारी सकाळी ती पूजेला बसली की आम्ही दोघं गाडी ढकलत फाटकाबाहेर, उतारावरून कोपऱ्यापर्यंत न्यायचो. तिथे पन्नाशी उलटलेला, चांगला पोट सुटलेला तो वकील पुढून हँडल घालून फिरवायचा. हँडलनं उलटा झटका मारला की मनगट मोडतं. त्यांचं मोडलं नाही, पण सुजून इतकं जाड झालं की कोर्टात ते डाव्या हातानं सही करायला लागले. इंजिन लागलं की ऐटीत गाडी दारात आणून भोंगा वाजवायचा. जिजी परडी घेऊन बाहेर यायची आणि शेजारणींना सांगायची, बघा, गंगेनं उठवली.

न राहवून मी एकदा म्हटलं, "भाऊसाहेब, सांगून टाका ना जिजींना. अजाणता झालेली चूक आहे."

ते हँडल पुसत होते. "चूक कशी म्हणू, मास्तर? स्वतःच्या तोंडात पडायचं पाणी तिनं माझ्या बॅटरीला पाजलं. माझा जीव तिच्यात आहे, हे बघून पाजलं."

संस्कृतात पुष्कळ सुभाषितं आहेत, त्यातलं एकही आठवलं नाही.

दिवाळीच्या सुमारास नवी बॅटरी आली. ती त्यांनी जिजीच्या नकळत बसवली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नागपूरला काम निघालंय असं सांगून ते चक्क आठवडाभर गावाला गेले. नव्या बॅटरीला एक दिवस नजरेआड न करणारा माणूस तिला माझ्या हवाली करून गेला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. परत आले ते उन्हानं काळवंडून. काम झालं म्हणाले.

मग एका सोमवारी माजिवड्याच्या रस्त्यावर चाक बसलं. जिजी पुढे बसून होती. जॅक काढायला मी डिकी उघडली, तर मागे कोपऱ्यात, त्यांच्या जुन्या वकिली गाऊनमध्ये गुंडाळलेला, तोंड डाखलेला तांब्याचा नवा गडू. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"काशीला गेला होतात तुम्ही," मी हळूच म्हटलं. "मग जिजींना दिला का नाही?"

भाऊसाहेब चाकाचे नट सैल करत राहिले. शेवटचा निघाल्यावर म्हणाले, "देवघरात ठेवला की तो तिला लागायची वेळ येणार, मास्तर. माझ्यानं नाही ठेववत."

एवढ्यात पुढून जिजीनं विचारलं, "किती वेळ रे? धाप लागते मला उन्हात."

"झालंच, जिजी."

त्यांनी गडू पुन्हा गाऊनमध्ये नीट गुंडाळला, परत कोपऱ्यात सरकवला आणि डिकी आवाज होऊ न देता दाबून लावली. चाक बदलून आम्ही निघालो. वाटेत जिजी म्हणाली, तिची गंगा तेवढी आणायची राहिली आहे, कुणी काशीला जाणारं असेल तर बघ. भाऊसाहेब म्हणाले, बघतो, पुढच्या वर्षी बघतो, आणि तिला चालावं लागू नये म्हणून त्यांनी गाडी अगदी देवळाच्या पायरीला नेऊन लावली.