घोड्याचं देणं

रेवसच्या धक्क्यावरून अलिबागेला टांगा हाकणाऱ्या धर्माजीनं एका साली होळी झाल्यावर ठरवलं, की आता घरातला पैसा मडक्यांत वाटून ठेवायचा. बस, एवढंच. लंका जाळायचं काही त्यानं ठरवलं नव्हतं. (जळायची ती थोडीफार जळलीच, पण ते पुढे.)

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं एका चष्मेवाल्या साहेबांनी. साहेब मुंबईला कुठल्याशा कचेरीत होते आणि अलिबागच्या कोर्टात त्यांचा भावकीचा दावा चालला होता. तारीख पडली की लाँचमधून उतरायचे आणि धर्माजीच्या टांग्यात बसायचे. दावा काही केल्या पुढे सरकत नव्हता, त्यामुळे धर्माजीचा साहेबांवर फार जीव.

टांग्याची मिळकत म्हणजे समुद्राची मर्जी. लाँच भरून आली तर खिसा वाजायचा, रिकामी आली तर घोड्याच्या अंगावरच्या माशा हाकत बसायचं. त्यात एसटी नवीनच सुरू झालेली, ती येताजाता भोंगा वाजवून गिऱ्हाईक पळवायची. आणि पावसाळा लागला की लाँच बंद, म्हणजे टांगाही बंद, म्हणजे चुलीनंच काय ते ठरवायचं. म्हणून पावसाच्या आधी घरात तांदूळ, सुके बोंबील, कांद्याच्या माळा, मिरच्या, लाकडं असं सगळं भरून ठेवायचं. त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. ज्याच्या घरी आगोट भरली तो श्रावणापर्यंत राजा. ज्याच्या घरी नाही, तो शेजाऱ्याच्या चुलीवरच्या वासावर जेवतो.

धर्माजीनं साहेबांपाशी हेच रडगाणं गायलं, तेव्हा साहेब म्हणाले, "धर्माजी, तुम्ही बजेट करत नाही, म्हणून हे हाल. मी बघा, पगार झाला की पाकिटं करतो. किराण्याचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं. एका पाकिटातलं दुसऱ्यात जाता कामा नये. घरावर जप्ती आली तरी नाही."

"आन् बाई काय म्हन्तात?"

"तिला विचारतो कोण?"

हे वाक्य धर्माजीला बजेटापेक्षाही आवडलं.

घरी आल्या आल्या त्यानं पाकिटं शोधली. पाकीट कुठलं असणार? घरात अक्षर वाचणारं कुणी नव्हतं, तर पत्र कोण पाठवणार? पण संक्रांतीची सुगडं होती. बायकोनं, राहीनं, ती भोपळ्याच्या बिया ठेवायला जपली होती. धर्माजीनं बिया पदरात ओतल्या (तिच्याच) आणि सुगडं ओळीनं मांडली.

"हे मीठमिरचीचं, हे राकेलचं, हे दुखन्याखुपन्याचं, हे देवाचं. एकातला पैसा दुसऱ्यात गेला न्हाय पायजे."

"आन् आगोटीचं कुठलं?" राहीनं विचारलं.

धर्माजीनं छाती काढून चुलीवरच्या शिंक्याकडे बोट दाखवलं. तिथं एक मोठं, निमुळत्या तोंडाचं मडकं त्यानं आधीच चढवून ठेवलं होतं. "ते दिवाणचं."

दिवाण म्हणजे घोडा. जंजिऱ्याकडच्या कुणा दिवाणजींच्या बग्गीला होता, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. खरंखोटं त्या जनावरालाच ठाऊक. पण चाल मात्र अशी, की जणू वसुलीलाच निघालाय.

"रोजची निम्मी कमाई दिवाणच्या मडक्यात," धर्माजी म्हणाला. "त्याच्यातून त्याचा दानाचारा. जे उरंल ती आगोट. ज्येष्ठात मडकं उतरायचं आन् एकदम बाजार."

"ज्येष्ठात भाव चढत्यात. मी म्हन्ते आत्ताच थोडं थोडं भरू."

"बजेटात आगोट ज्येष्ठातच हाय."

"कुनाच्या बजेटात?"

"माझ्या."

माजघरातून धर्माजीची आई, मनुबाई, बोलली, "राही, बोलू नको गं त्याला. लहानपनी गोवर उलटला व्हता, तवापास्नं असंच करतो."

दुसऱ्याच दिवशी मीठ संपलं. मीठमिरचीच्या सुगडात हात घातला तर तळाला नुसती हळदीकुंकवाची पूड.

"राकेलच्या सुगडात हायत की पैसे," राही म्हणाली.

"ते राकेलचे."

"मग आज राकेल घालू आमटीत?"

त्या दिवशी आमटी अळणी झाली. शेजारी समुद्र, पलीकडे मिठागरं, आणि धर्माजीच्या पानात मीठ नाही. त्यानं दोन घास खाल्ले, शिंक्याकडे बघितलं, पुन्हा आमटीकडे बघितलं. मग बराच विचार करून म्हणाला, "दिवाणकडून उसनं घेतलं तर चालंल. घोडा काय वाईट मानायचा न्हाय."

असं ते कर्ज सुरू झालं.

आता कर्ज म्हटलं की खूण पाहिजे. धर्माजीनं कायदा केला: मडक्यातून पैसा काढला की त्या जागी आपली खूण टाकायची, आणि फेडला की खूण काढून घ्यायची. राहीची खूण चिंचोका. मनुबाईची सुपारीचं खांड. धर्माजीनं स्वतःसाठी शिंपला घेतला. मालकाची खूण जरा वजनदार असावी. वर व्याज. ज्याचं देणं असेल त्यानं रोज दिवाणला मूठभर हरभरे घालायचे. घोडा उपाशी राहून सावकारी करणार नाही, हे धर्माजीचं म्हणणं, आणि ते दिवाणला पटलेलं दिसलं.

चैत्रात सगळं घर घोड्याच्या पैशावर चालू लागलं. राकेल संपलं, दिवाण. मनुबाईच्या दाढेला लवंगेचं तेल, दिवाण. पाहुणे आले, दिवाण. व्याजाचे हरभरे आणायला पैसे नसले की तेही दिवाणकडूनच काढायचे. मनुबाईला मडक्यापर्यंत पोचायला पाटावर पाट चढवावा लागे. ती सुपारीचं खांड मडक्यात टाकी, पैसे घेई, आणि दुपारी पान लावायला बसली, की पुन्हा पाटावर चढून तेच खांड काढून खाई.

"आये, कर्ज फेडल्याबिगर खून काढायची न्हाय."

"कुठलं कर्ज?" पान चघळत मनुबाई विचारी. "माझी खून दाखव की आत."

धर्माजीचंही येणंजाणं होतंच. धक्क्यावर लाँचची वाट बघायची म्हणजे चहा लागतो. चहाबरोबर भजी लागतात. भज्यांवर विडी लागते. (बजेटात त्यानं सगळ्यांची सुगडं मांडली होती, फक्त स्वतःचं मांडायला विसरला होता.) म्हणून सकाळी निघताना तो एक शिंपला टाकी आणि दोन आणे उचली. संध्याकाळी फेडीन म्हणे. संध्याकाळी दमलेला असे.

पण मडकं रिकामं होतंय, ही शंका त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. रात्री जेवला की तो शिंक्याला बोटानं ढकले. मडकं जडशीळ झुले. आत खळखळ, खळखळ. उंचावर टांगलेलं, तोंड अरुंद, आत डोकावायची सोय नाही. कशाला डोकवायचं? माणसानं कानावर विश्वास ठेवावा.

"आयकलंस?" तो राहीला म्हणे. "पर्वा यवढं वाजत नव्हतं."

"न्हाय वाजत," राही मान डोलवून म्हणे. "आता तर लईच वाजतंय."

दिवाण तेवढा फुगत चालला. तिघातिघांच्या व्याजाचे हरभरे खाऊन तो असा गोल झाला, की टांग्याच्या दांड्यांमध्ये घालताना श्वास सोडायला लावावं लागे. चढ आला की थांबे, मागं वळून बघे. त्या नजरेपुढं धर्माजीच खाली उतरे आणि टांगा ढकली. एसटीतली माणसं खिडकीतून बाहेर डोकावून बघत.

वैशाख सरला. दर्यावरून दमट वारा सुटला. होडीवाल्यांनी होड्या ओढून झापांखाली घातल्या, दारोदार मिरच्या आणि बोंबील वाळू लागले. धक्क्यावर जो तो आगोटीचं बोलू लागला, आणि धर्माजी विडीचा धूर सोडत सांगू लागला, "आपुन घाई करत न्हाय. आपलं बजेट हाय."

लाँच बंद व्हायच्या आधीचा शेवटचा बाजार आला. आभाळ काळंकुट्ट. आज भरली नाही तर आगोट नाहीच. धर्माजी डोक्याला नवा रुमाल बांधून तयार झाला, टांग्यात रिकामी पोती टाकली, घरात घोंगडी अंथरली आणि मडकं उतरवलं. उतरवताना कमरेत उसण भरली, एवढं जड. ती उसणसुद्धा त्याला गोड लागली.

"बसा समदी. आये, तू बी बस."

मडकं उपडं केलं.

आधी आली चिंचोक्यांची रास. मग आणखी चिंचोके. मग शिंपले, शिंपल्यांवर शिंपले. सगळ्यात शेवटी एक भोकाचा पैसा घरंगळत आला, घोंगडीवर गोल फिरला, आणि मनुबाईच्या पायापाशी आडवा झाला. तिनं तो उचलून कनवटीला लावला.

गोठ्यात दिवाण फुरफुरला.

धर्माजीनं मडक्यात हात घातला, कोपरापर्यंत घातला, मडकं डोळ्याला लावलं. मग खाली बसला. पावसाळाभर घरात काय शिजणार, हे त्याला दिसायला लागलं: चिंचोक्यांची भाकरी आणि शिंपल्यांचं कालवण.

"मेलो," तो म्हणाला.

मग त्याची नजर राशीवर गेली आणि अंगात वारं शिरलं. "ह्ये चिंचोके बघ, राही. माझे शिंपले हायतच किती त्याच्यापुढं? घर बुडवलंस तू. घोडं बुडवलंस."

"व्हय," राही म्हणाली.

"व्हय म्हन्तीस वर?"

"मग न्हाय कशी म्हनू? चिंचोके माझेच हायत. चला."

"कुठं?"

"सफुराबीच्या घरी."

सफुराबी म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. तिचा नवरा अब्दुस्समद गलबतावर, महिनोन् महिने बाहेर. धर्माजीला वाटलं, आता हिनं तिथंही उसनवारी केलेली दिसते. तो पाय ओढत मागं निघाला.

सफुराबी दारातच तांदूळ निवडत होती. धर्माजीला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "आलात एकदाचे, धर्माभाऊ. या अल्ला, माझ्या माळ्यावर बसायला मांजराला जागा राहिली नाय. तुमच्या बोंबलांच्या वासानं माझी जान गेली. उचला ते लौकर, नायतर मी आजपासून भाडं लावते."

धर्माजी शिडी चढून माळ्यावर गेला. तिथं तांदळाची पोती. सुक्या बोंबलांच्या पेंड्या, टोपलीभर जवळा, पांढऱ्या कांद्याच्या माळा, मिरच्या, आमसुलं, मिठाचं मडकं, चिंचेचे गोळे. आणि कोपऱ्यात, वेगळं बांधून ठेवलेलं, हरभऱ्याचं पोतं.

तो शिडीवरच बसला. खालून राही सांगत होती, "चैत्रापास्नं भरतेय. तवा भाव उतरलेले व्हते. घरात ठेवलं असतं तर तुम्ही म्हनला असता, बजेटात ज्येष्ठात हाय, नेऊन परत दे."

धर्माजीनं तसं म्हटलंच असतं. ते त्याला माहीत होतं. तो नुसता बोंबलाच्या पेंडीवरून हात फिरवत राहिला, कुणाच्या तरी पाठीवरून फिरवावा तसा.

"माल खाली काढायचाय," सफुराबी म्हणाली. "आता भाऊ, खाली उतरा. शिडी माझी आहे आणि वजन तुमचं आहे."

सगळा माल टांग्यात घालून घरी आणला. मधलं अंतर कुंपणाएवढंच, पण दिवाण दोनदा थांबला.

संध्याकाळी राहीनं घोंगडीवरची रास पुन्हा पुढं ओढली. "माझ्या चिंचोक्यांचे तांदूळ झाले, बोंबील झाले. ह्या शिंपल्यांचं काय झालं?"

धर्माजी आढ्याकडे बघू लागला.

"भजी झाली," मनुबाई म्हणाली. "मला धक्क्यावरच्या हॉटेलवाल्यानं सांगितलंय. आन् माझं कायबी देनं न्हाय. बघा, एक तरी सुपारी हाय का त्याच्यात."

निकाल लागला. चिंचोके फिटले. शिंपले तेवढे राहिले, आणि घोड्याचं देणं बुडवायचं नाही असा कायदा खुद्द धर्माजीनंच केलेला. पैसा नाही तर अंगमेहनत: एका शिंपल्याला एक गवताचा भारा. पावसाळाभर सगळ्या वाडीनं बघितलं, दिवाण गोठ्यात कोरड्यात उभा राहून रवंथ केल्यासारखा चावतोय, आणि धर्माजी इरलं पांघरून चिखलातून डोक्यावर भारा आणतोय. भारा लहान असला की दिवाण तोंड फिरवी. मग राही शिंपला परत राशीत टाकी.

नारळीपौर्णिमा झाली, दर्या शांत झाला, लाँच पुन्हा लागली. पहिल्याच फेरीला चष्मेवाले साहेब उतरले. दावा होता तिथंच होता.

"काय धर्माजी, केलंत का बजेट?"

"केलं की सायेब."

"मग? फरक पडला ना?"

"लई. घोडा माझ्याकडे व्हता, आता मी घोड्याकडे हाय."

साहेब हसले, त्यांना वाटलं टांगेवाले असंच बोलतात. टांगा निघाला आणि धक्क्यावरच्या हॉटेलापाशी येऊन आपोआप थांबला. धर्माजीनं लगाम हलवला, तोंडानं चक् चक् केलं. दिवाण हलेना.

"काय झालं?"

"त्याला वाटतंय मी चा पिनार. जुनी सवय."

"मग प्या की. थांबतो मी."

धर्माजीनं दिवाणच्या गळ्याकडे बोट दाखवलं. तिथं राहीनं शिवलेली जाड किंतानाची थैली लोंबत होती, तोंड घट्ट शिवलेलं, वर पैसा जाईल एवढीच चीर. "भाडं त्याच्यात पडतं, सायेब. ती घरी उसवत्यात."

साहेबांना दया आली. त्यांनी स्वतःच्या पाकिटातून पैसे काढले (कुठल्या पाकिटातून, ते त्यांनी सांगितलं नाही), हॉटेलवाल्याला दिले आणि म्हणाले, "घ्या, माझ्याकडून."

धर्माजीनं चहा घेतला, बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला, मिशा पुसल्या. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून एक शिंपला काढला आणि अदबीनं साहेबांच्या हातावर ठेवला.