आंब्रेकाकांची हजेरी

आमच्या शेजारचे आंब्रेकाका पंखा बंद करण्याआधी पंख्याला तसं सांगतात. "युनिट दोन बंद करतोय," असं खणखणीत आवाजात म्हणायचं, मनात तीन अंक मोजायचे आणि मग बटण दाबायचं. युनिट एक म्हणजे फ्रीज, दोन म्हणजे पंखा, तीन मिक्सर. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. आत पाहुणे आहेत असं वाटून मी वाटी घेऊन दारातच उभी राहिले. पाच मिनिटांनी कळलं की पाहुणे वगैरे कुणी नाहीत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नागपूरला दिलेली, घरात काका एकटेच.

काकांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली. डोंगराच्या पोटात बसून मोठमोठी यंत्रं सांभाळायची. न सांगता काही चालू करायचं नाही, न सांगता बंद करायचं नाही. निवृत्त झाल्यावर ते रत्नागिरीत नाचणे रोडला आमच्या शेजारी राहायला आले. वीजघर सुटलं, पण काकांमधला ऑपरेटर काही निवृत्त झाला नाही.

त्यांचा एक लाडका प्रश्न आहे: "स्टँडबाय काय हाय?" त्यांच्याकडे छत्र्या दोन, चष्मे दोन, कोयते दोन, नारळ खवायच्या विळ्यासुद्धा दोन. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी मुलाकडच्या एका गृहस्थांना बाजूला घेऊन विचारलं, "भटजींना स्टँडबाय कोण हाय?" भटजींना काहीतरी झालं असं समजून ते गृहस्थ फेटा सावरत धावत सुटले. भटजी मंडपामागे निवांत चहा पीत होते.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. काम सॉफ्टवेअर तपासायचं. म्हणजे दुसऱ्याने रक्ताचं पाणी करून केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. त्यात स्वभाव मूळचाच भोचक. त्यामुळे एका सकाळी काकांच्या दारात रिक्षातून तीन जुने कॉम्प्युटर उतरले, तेव्हा चहाचा कप हातात घेऊनच मी कुंपणाशी हजर झाले.

"काका, तीन कशाला? एक पुरे की."

"एक पडला तर?"

"मग दोन घ्यायचे."

"दोघांचं आपसात पटलं नाय तर तिसरा लागतो ना गो!"

मला वाटलं काका थट्टा करतायत. नंतर कळलं की ते बरोबर बोलत होते. असे कॉम्प्युटर एकत्र जोडले की कोण काम करणार हे बहुमताने ठरतं, आणि बहुमताला निदान तिघं लागतात. हे मला नोकरीत तिसऱ्या वर्षी कळलं होतं. काकांना ते कॉम्प्युटर रिक्षातून उतरण्याआधी ठाऊक होतं.

पुढचे दोन महिने काका शिकत होते. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि जाड वहीत मराठीत उतरवून घ्यायचं. व्हिडिओतला मुलगा फार भरभर बोलायचा. काका त्याला "अरे थांब जरा, गाडी चुकतेय काय तुझी?" असं मोठ्याने दटावायचे आणि मागे नेऊन परत ऐकायचे. मधूनमधून मला बोलावून आपला अभ्यास म्हणून दाखवायचे.

"कंटेनर म्हंजे डबा. पोळी, भाजी, लोणचं, सगळं आत. कुठल्या पण टेबलावर ठेव नि उघड, बाहेरून काय मागायला नको. आणि हे तीन कॉम्प्युटर म्हंजे तीन टेबलं. एक मोडलं की डबा उचलून दुसऱ्यावर."

"उचलतो कोण?"

"शिफ्ट इंचार्ज," काका म्हणाले. "तो पण सॉफ्टवेअरच. चोवीस तास जागा, चहा नाय, बिडी नाय."

आमच्या कंपनीत एवढंच समजवायला दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं, वर जेवण.

डब्याच्या आत काय ठेवायचं तेही काकांनी शोधून काढलं होतं. कामं आपोआप करणारं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर चौकटी काढायच्या आणि रेघांनी जोडायच्या. सहा वाजले की हे कर, उत्तर आलं की ते कर, नाही आलं तर तिसरंच काही कर. काकांना ते बघताक्षणी आवडलं, कारण वीजघरातल्या भिंतीवर अशाच चौकटी आणि रेघा होत्या म्हणे. पण या सगळ्यातून ते करणार काय होते, ते काही केल्या सांगेनात. मी शेअर बाजारापासून ज्योतिषापर्यंत सगळे तर्क लढवले. आईचं म्हणणं, काका हवामानाचे अंदाज सांगणार. काकांचं उत्तर एकच, "काम हाय."

तेवढ्यावर गप्प बसणं मला किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

शेवटी काका आपणहून आले. वही काखेत, चेहरा पडलेला. "घोटाळा झाला गो. सहाचं काम साडेअकराला झालं."

हा रोग माझ्या ओळखीचा. नवीन डब्यातलं घड्याळ पुष्कळदा लंडनच्या वेळेवर असतं, आपली वेळ त्याला सांगावी लागते. मी जाऊन ती एक ओळ बदलली. काका म्हणाले, "साहेब गेला, घड्याळ ठेवून गेला." दुसऱ्या दिवशी काम सहाला झालं खरं, पण तीनदा झालं. आता काकांना मला पडद्यासमोर बसवण्यावाचून इलाज राहिला नाही, आणि मला शेवटी दिसलं की इतके दिवस हा खटाटोप चालला होता तो कशासाठी.

नऊ माणसांना रोज सकाळी सहा वाजता एका शब्दाचा मेसेज जात होता. "हजर?"

"हे कोण नऊ जण?"

"माझ्या शिफ्टचे," काका म्हणाले, आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. काही कराडला, काही चिपळूणला, एक बर्वे केळशीला. सगळे सत्तरीचे, आणि बहुतेक एकटे. त्यांतले शिर्के एकदा न्हाणीघरात पडले आणि दीड दिवस तिथेच पडून होते. कुणाला पत्ताच नाही. वाचले, पण त्या दीड दिवसाबद्दल अजून अक्षर बोलत नाहीत. तेव्हापासून काका रोज सहाला प्रत्येकाला "हजर?" पाठवत होते. नऊ वाजेपर्यंत समोरून "हजर" यायला हवं. नाही आलं तर त्या माणसाच्या जवळ राहणाऱ्या कुणालातरी काका फोन करून घरी पाठवायचे. हे दोन वर्षं हाताने चाललं होतं.

"मग आता यंत्र कशाला?"

"मागे मला ताप भरला होता, आठवतं? दोन दिवस डोळा उघडला नाय. हजेरी राहिली. त्यात कुणाचं काय झालं असतं तर?"

"पण त्या दोन दिवसांत तुम्हाला कुणी फोन केला का?"

"मला कशाला करतील? मी विचारणारा," काका म्हणाले. "त्यांना वाटलं, मी नागपूरला गेलो."

मी पुन्हा पडद्याकडे वळले.

तर ते तीन-तीन मेसेज. कराडच्या जाधवांनी उत्तर पाठवलं होतं, "हजर. हजर. हजर. कान शाबूत आहेत." बर्व्यांना वाटलं आपल्यावर संशय घेतायत, म्हणून त्यांनी त्या दिवशीचं वर्तमानपत्र छातीशी धरून फोटो पाठवला. शिर्क्यांचं एकच "हजर" होतं, सहा वाजून शून्य मिनिटांनी. ते मेसेजची वाट बघत बसलेले असतात.

चूक कुठे होती ते लगेच दिसलं. काकांनी आदल्या रात्री तिन्ही टेबलांवर एकेक डबा मांडून तिन्ही एकदम चालू केले होते. प्रत्येक डब्याचं घड्याळ सहाला वाजलं आणि प्रत्येकाने इमानेइतबारे हजेरी घेतली.

"पण पोफळीत सगळी युनिटं एकदम चालायची!" काका रागावले.

"काका, वीज कितीही जणांनी केली तरी चालते. घंटा वाजवणारा शिपाई शाळेत एकच असतो."

काकांनी ते वहीत लिहून घेतलं. मग आम्ही घंटेचं काम एकाच डब्याकडे दिलं. ते टेबल मोडलं तर इंचार्जने तोच डबा दुसऱ्यावर मांडायचा. मी खात्री म्हणून एका कॉम्प्युटरची वायर उपटली. काका "सांगून बंद कर गो!" म्हणून ओरडले. पण थोड्या वेळात डबा दुसऱ्या टेबलावर उभा राहिला. काकांनी पडद्याला चक्क नमस्कार केला.

निघताना मी म्हटलं, "आता विचारणारं यंत्र आहे. तुमचंही नाव घाला यादीत."

"बघतो," काका म्हणाले.

चार दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. हजेरी व्यवस्थित जात होती, पण रोज शेवटी पडद्यावर लाल खूण यायची. "शेवटच्या ओळीला ट्रिप होतंय, तिथेच बंद पडतंय. काय ते तूच बघ." एवढं बोलून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी यादी उघडली. नऊ नावं, प्रत्येकापुढे फोन आणि शेवटच्या रकान्यात "उत्तर न आल्यास कळवणे." जाधवांपुढे सून, बर्व्यांपुढे देवळातले गुरव, शिर्क्यांपुढे खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला. दहावी ओळ नवी होती. आंब्रे दत्ताराम. फोन नंबर. शेवटचा रकाना रिकामा. तो भरल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं काकांनी स्वतःच यंत्राला बजावून ठेवलं होतं, आणि यंत्र त्यांचं ऐकत होतं.

"काका, इथे कुणाचं नाव घालू?"

"तो रकाना सक्तीचा नको. काढून टाक."

"मुलीचं घालू?"

"नको! ती नागपूरला बसून काय करील? रडत बसेल नुसती."

"मग जवळचं कुणी?"

"लोकांना कामं असतात गो," ते म्हणाले.

मला एकदम स्वतःची लाज वाटली. इतके महिने मी या माणसाच्या घरात नाक खुपसत होते. सगळं विचारून झालं होतं, हे एक सोडून. मी त्या रकान्यात माझा नंबर घातला. लाल खूण गेली.

"परवानगी घेतलीस?" काकांनी न वळता विचारलं.

"कुणाची?"

"तुझी. सगळ्यांची लेखी घेतलेली हाय मी." त्यांनी वही पुढे केली. सून, गुरव, इस्त्रीवाला, सगळ्यांच्या सह्या होत्या. त्यांच्याखाली मी सही केली. काकांनी ती चष्मा बदलून वाचली.

पुढच्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये कुणाचीतरी चूक रंगवून सांगत असताना माझा मोबाइल वाजला. बरोबर नऊ वाजले होते. "दत्ताराम आंब्रे यांचा हजर आलेला नाही. कृपया जाऊन पाहावे."

मी कशी उठले ते आठवत नाही. कानाला हेडफोन तसाच, पायात चप्पल नाही. आईला हाक मारायचंही सुचलं नाही. त्यांच्या फाटकाची कडी नेहमीसारखी अडली, तेव्हा कुंपणावरून उडी मारली. साडी असती तर तिथेच अडकले असते. डोळ्यांपुढे न्हाणीघराची फरशी दिसत होती.

काका ओट्यावर उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात घड्याळ.

"पावणेदोन मिनिटं," ते म्हणाले. "चाचणी होती. चाचणी घेतल्याबिगर काम पुरं झालं असं म्हणत नायत."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला कुणी असं बोलू नये. बोलता बोलता मला रडू फुटलं आणि मी ओट्याच्या पायरीवर बसले. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मेसेज जाणार ते मला ठाऊक होतं," शेवटी ते म्हणाले. "माणूस येतो काय, ते बघायचं होतं गो."

मग पाणी आणतो म्हणून आत गेले, ते किती तरी वेळ बाहेर आलेच नाहीत.