घरात सूर्य असताना वीज कोण खातं?

“माझं नाक नीट बघून घे,” भाऊजी म्हणतात. “हे नाक नव्हे, ही संस्था आहे. गुन्हा अजून करणाऱ्याच्या मनातच असतो, तेव्हा याला शिंक येते.”

हे त्यांचं स्वतःविषयीचं संयमित मत. ते माझ्या बहिणीचे यजमान, म्हणून मी ऐकून घेतो, आणि त्यांच्याच घरात राहतो म्हणून मानही डोलावतो. नोकरीत असताना ते पोस्टात पार्सलांवर लाखेची सीलं करत. निवृत्त झाले तेव्हा पार्सलं संपली, लाख उरली, आणि ते गुप्तहेर झाले. मी त्यांचा सहायक. पगार नाही, पण बोलणी वेळच्या वेळी मिळतात.

यंदाचं प्रकरण विजेच्या बिलाचं. छतावर उन्हाने पाणी तापवायची टाकी बसवली, तरी बिल उतरायचं सोडून चढलं. त्यातच वीज कंपनीने विचारलं, दिवसभर एकच दर हवा, की रात्री स्वस्त आणि सकाळ-संध्याकाळ महाग असा हवा? एकदा निवडला की वर्षभर तोच.

“चोर सापडल्याशिवाय दर निवडायचा नाही,” भाऊजींनी जाहीर केलं. घरातली सगळी संशयित बटणं त्यांनी, होती त्याच स्थितीत, कागद चिकटवून लाखेने सीलबंद केली. पुरावा जसा सापडला तसाच ठेवायचा असतो म्हणे. फ्रिजलाही सील लागलं होतं. ते ताईने चहाच्या दुधासाठी फोडलं. फोडताना ती जे बोलली, ते तपासात घेतलेलं नाही.

त्याच धाडीत माझी गुडघे शेकायची विजेची पिशवी जप्त झाली. माझे गुडघे जुन्या दारासारखे कुरकुरतात. पिशवी नसली की उठायला भिंत लागते, आणि बसायला धीर.

“भाऊजी, एवढीशी पिशवी कितीशी वीज खाणार?”

“चोर बुटका असला म्हणून सोडून द्यायचा का?” असं म्हणून ते पिशवी आपल्या खोलीत घेऊन गेले.

मग तपासाला रंग चढला. पहिला संशय फ्रिजवर. “मी जवळ गेलो की तो गुरगुरणं थांबवतो. मन साफ असलं की असं कुणी गप्प होत नाही.” दुसरा संशय शेजारच्या शिंप्यावर. त्याच्या भिंतीची सावली आमच्या टाकीवर पडते, म्हणजे तो आमचं ऊन पळवतो.

“साहेब, संध्याकाळी सगळ्यांच्याच सावल्या लांब होतात,” शिंपी म्हणाला.

“सगळे सामील आहेत तर,” भाऊजी माझ्या कानात म्हणाले.

पुढचं बिल आणखी फुगून आलं. भाऊजी खूश. “चोर घाबरलाय. घाबरला की माणूस जास्त खातो.”

असं करता करता दर कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी भाऊजींनी निकाल दिला. “झोपताना मी मीटर बघतो, उठल्यावर पुन्हा बघतो. आपण घोरत असताना तो धावत असतो. म्हणजे चोर रात्री खातो. पकडता येत नसेल, तर निदान स्वस्तात पोसू. रात्रीचा दर घ्या.”

मला हे पटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. ताई मात्र पीठ मळायची थांबली.

“अहो, आज मी उजाडायच्या आधी आंघोळ केली. पाणी कढत होतं.”

“सूर्याची कृपा.”

“सूर्य उगवला नव्हता.”

“मग कालची कृपा.”

“काल दिवसभर ढग होते. टाकीतलं गरम पाणी संध्याकाळी धुण्यातच संपलं, आणि रात्री पाय धुताना, गार पाणी आलं म्हणून तुम्हीच बोंबललात.”

भाऊजींचं नाक हललं. “म्हणजे चोराने आपल्याला पाणी तापवून दिलं? मोठ्या मनाचा दिसतोय.”

ताई पिठाच्या हातानेच उठली. न्हाणीघराच्या दाराशी एक बटण आहे. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल असते, तिचं. ताईने त्यावरचा कागद टरकावला. आत लाल दिवा मजेत जळत होता. कधीतरी ढगाळ दिवशी कुणीतरी बटण लावलं आणि विसरलं. त्यावर भाऊजींनी सील ठोकलं. कॉइल रात्रभर पाणी तापवायची, आणि सकाळी सूर्य छतावर येऊन, काम झालेलं बघून, नुसती हजेरी लावून जायचा.

“त्या सीलवर माझी सही होती,” भाऊजी दुखावून म्हणाले.

ताईने बटण बंद केलं. “आता पाणी सूर्य तापवील. रात्री या घरात चालू राहतं ते तुमचं घोरणं, आणि त्याला वीज लागत नाही. स्वयंपाक, इस्त्री, माझं शिवणयंत्र, सगळं सकाळ-संध्याकाळ. तेव्हाच महाग वीज कशाला घ्यायची?” आणि तिने कंपनीला फोन करून दिवसभराचा एकच दर सांगून टाकला.

मग ती म्हणाली, “आता याची पिशवी द्या.”

“तिची चौकशी अजून चालू आहे.”

ताईने त्यांच्या खोलीचं दार ढकललं. पिशवी पलंगावर होती, तारेने भिंतीला जोडलेली, आणि तिच्यावर भाऊजींच्या कंबरेएवढा खळगा पडला होता.

“उलटतपासणी,” भाऊजी म्हणाले. “जवळून करावी लागते.”

मी पलंगावर बसलो आणि पिशवी गुडघ्यांवर घेतली. छान तापली होती. भाऊजींनी कंबरेवर हात ठेवून खिडकीबाहेर बघितलं, घसा साफ केला.

“जरा सरक,” ते म्हणाले. “लांब आहे ती. एक टोक कंबरेला पुरेल.”

मी सरकलो.