‘प’ या एका अक्षराची लढाई, अथवा पहिले ठाणे सर झाल्याची हकिकत

ज्यांस सॉफ्टबॉल नामे खेळ ठाऊक आहे त्यांनी ऐकावे, ज्यांस ठाऊक नाही त्यांनी तर बेलाशक ऐकावे, कारण या लढाईत जे जे सरदार लढले त्यांपैकी कोणासही तो पुरता ठाऊक नव्हता. आज्ञा जाहली की मोहीम जैसी घडली तैसी लिहोन काढावी, पदरचे काही घालू नये. त्यावरून लिहितो. पदरचे थोडे पडलेच असेल, तर ते शोभेपुरते आहे.

निळ्या टोप्यांच्या फौजेच्या सरलष्कर आईसाहेब. एरवी त्या औषधांच्या दुकानात फळीआड उभ्या असत, आणि डॉक्टरांचे अक्षर लावण्यात त्यांचा हात धरणारा त्या मुलखात कोणी नव्हता. सरलष्करी त्यांनी मागितली नव्हती. पालकांच्या सभेस त्या उशिरा पोहोचल्या, आणि तोवर मुलींस खेळ शिकवावयास कोण येतो या सवालावर सारे मातब्बर पालक माना खाली घालोन बसले होते, आणि आईसाहेब तेवढ्या दारात खुर्ची शोधीत उभ्या होत्या, मग उभे आहे ते माणूस राजी आहे ऐसे समजोन टाळ्या पडल्या आणि शिट्टी त्यांच्या गळ्यात आली. चेंडू मारावा आणि पळावे, इतकेच ज्ञान त्यांच्या गाठीस होते.

फौजेत त्यांची लेक होती. उंचीने बॅटीहून थोडी मोठी, आणि चेंडूस बॅट लागलीच तर टिचकी मारावी तैसी लागे, म्हणोन तिचे नाव टिचकी पडले. साऱ्या मोसमात टिचकी पहिल्या ठाण्यास पोहोचली नव्हती. ठाणे म्हणजे बेस. फलंदाजणीने धावत जाऊन जिजवर पाय रोवावयाचा, ती जमिनीस खिळलेली मळकट पांढरी उशी. बाकी तीत घेण्यासारखे काही नाही. पण टिचकीस तिजवर एकदा, एकदाच, उभे राहावयाचे होते.

मागल्या सामन्यात तसा योग आला होता. या खेळाचा शिरस्ता ऐसा की तीन चेंडू चुकले म्हणजे गडी बाद. परंतु तिसरा चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या हातून सुटला, तर चुकलेल्या गड्यानेही पळावे, आणि चेंडूच्या आधी ठाणे गाठले तर ते त्याचे. टिचकीचा तिसरा चेंडू चुकला, आणि कॅचरच्या हातून सुटला, आणि टिचकी निघाली, आणि अर्धी वाट चालोन गेली, मग आईसाहेबांनी मैदान हादरेल ऐशा आवाजात फर्मान सोडले.

“अगं परत ये! आऊट झालीस तू!”

लेक आज्ञाधारक, ती वळली. मग ती खरोखरीच बाद जाहली. त्या दिवशी जेवताना मामाचा फोन आला. हकिकत ऐकोन मामा खो-खो हसला आणि बोलला, “ताई, चेंडू सुटला होता ना? मग पोरीला परत कशाला बोलावलंस? आरामात पोचली असती की ती!” फोनचा आवाज मोठा होता. टिचकीने चमचा खाली ठेविला, आणि तेथोन अबोला सुरू जाहला.

अबोला ऐसा की एका जेवणाच्या टेबलावर दोन राज्ये झाली, आणि टिचकीचे वडील मधल्या खुर्चीवर बसत म्हणोन वकिलीचे काम त्यांच्या गळ्यात पडले. “बाबा, त्यांना सांगा, मीठ हवंय,” ऐसा खलिता इकडून जाई, आणि वकील मीठ उचलोन तिकडे देत, आणि दोन्ही दरबारांचे डोळे चुकवीत. मिठाचे काही नाही, पण ‘त्यांना’ हा शब्द आईसाहेबांस फार लागला. दुकानात गोळ्यांची पाकिटे कापताना तो मनात येई, आणि मग कात्री तेथेच थांबे.

मग आईसाहेबांनी विद्याभ्यास मांडिला. भांडी घासताना फोन नळामागे टेकवोन त्या नियमांचे व्हिडिओ ऐकत. ‘तिसरा चेंडू सुटल्यास पळता येते, मात्र पहिले ठाणे रिकामे असावे,’ इतके कलम त्यांनी पक्के मुखोद्गत केले. त्यापुढे व्हिडिओतला शास्त्री आणखी काही बोलला, परंतु तेव्हां नळ सोडला होता आणि कढई आदळली, आणि कलमाचे शेपूट पाण्याबरोबर मोरीत गेले. अर्धे कळले म्हणजे पुरे कळले, या समजुतीवर किती राज्ये बुडाली ते इतिहास जाणणारे जाणतात.

मोसमाचा अखेरचा सामना. गनीम लाल टोप्यांचा. त्यांचे सेनापती निवृत्त पी.टी. मास्तर, आवाज ऐसा की शिट्टी केवळ शोभेस बाळगीत. नियम ज्याचा आवाज मोठा त्याचा असतो, हा त्यांचा इतबार, आणि तो आजवर कोणी खोटा पाडिला नव्हता. पंचाच्या गादीवर विमेवाले काका. जन्म विम्याच्या धंद्यात गेला, त्यामुळे उद्या अंगाशी येईल ऐसा शब्द तोंडातून काढावयाचा नाही ही त्यांची शिस्त होती. नियमाची शंका पडली की काका ‘हॅऽऽक’ ऐसा एक हुंकार काढीत. तो ज्यास आऊट वाटे त्यास आऊट, ज्यास सेफ वाटे त्यास सेफ, आणि ज्यास काहीच वाटत नसे तो काकांस खोकल्याची गोळी देई. नियमांचे पुस्तक मैदानात हजर होते. ते सरबताच्या टेबलाच्या आखूड पायाखाली तैनात होते, आणि काढावे तर पातेले कलंडावे, म्हणोन त्यास कोणी हात लावला नाही.

अखेरचा डाव आला तेव्हां लाल टोप्या चौदा, निळ्या तीन, आणि निळ्यांचे दोन गडी बाद. सामना तर केव्हाच गेला होता. पहिल्या ठाण्यावर चष्मेवाली नामे गडी उभी होती, आणि तिचे चित्त पुढील ठाण्यापेक्षा सरबताकडे अधिक होते. ऐशा समयी टिचकी बॅट ओढीत मैदानात उतरली. आईजवळून गेली, पण आईकडे पाहिले नाही.

पहिला चेंडू आला, चुकला. दुसरा आला, तोही चुकला. तिसऱ्यास टिचकीने डोळे मिटोन बॅट फिरविली, आणि वारा तेवढा कापला गेला, आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यास लागोन निसटला आणि मागील जाळीकडे घरंगळत चालला. काकांनी हुंकार दिला, “हॅऽऽक!” लाल टोप्यांनी तो आऊट ऐसा ऐकिला, आणि आनंदाने आरोळ्या ठोकीत साऱ्याजणी सरबतावर चालोन गेल्या. कॅचरही मुखवटा भिरकावोन धावली.

आईसाहेबांनी पहिल्या ठाण्याकडे पाहिले. ठाणे भरलेले! पाठ केलेले कलम झर्रकन आठवले, ठाणे रिकामे असावे, आणि मग त्यांचा आवाज बुद्धीच्या आधी बाहेर पडला. “पऽऽर—”

आणि इतक्यात, ईश्वराची करणी, मोरीत गेलेले शेपूट परत आले. दोन गडी बाद असल्यास ठाणे भरलेले असले तरी पळता येते! उरलेला ‘त ये’ आईसाहेबांनी गिळला. परंतु बाण सुटला होता, आणि लेक आज्ञाधारक होती, आणि आता सारे दुसऱ्यांदा हातचे गेले ऐसे जाणोन त्यांनी डोळे झाकले.

उघडले तो टिचकी पळत होती! टोपी उडाली, बुटाची नाडी सुटली, तरी वळोन पाहिले नाही, आणि थेट पहिल्या ठाण्यावर जाऊन चष्मेवालीच्या अंगावर आदळली.

“तू इथे काय करतेस?” चष्मेवालीने विचारले.

“पुढे जा ना गं! हा माझा आहे आता!” टिचकी बोलली आणि तिला ढकलले, मग चष्मेवाली नाइलाजाने दुसऱ्या ठाण्यास रवाना जाहली. चेंडू जाळीपाशी बेवारस पडोन होता.

मग खरे रण माजले. मास्तर हातातला पेला तसाच घेऊन आले, आणि गर्जले की तीन चुकले म्हणजे आऊट, बाकी सारे थोतांड, यात जन्म गेला माझा. आईसाहेबांनी कलम शेपटासह म्हणोन दाखविले. मग मास्तरांनी हुकमी तोफ डागली. “अहो, तुम्ही स्वतःच तिला परत बोलावत होतात! अख्ख्या मैदानाने ऐकलं, ‘परऽ’ म्हणालात!”

आईसाहेबांचा चेहरा उतरला. पण ठाण्यावर उभी लेक दिसत होती, दोन्ही पाय उशीवर ठेवोन, कोणी ओढोन नेईल म्हणोन जणू रुतलेली. मग त्या सभेत आईसाहेब धडधडीत खोटे बोलल्या. “मी ‘पळ’ म्हणत होते. माझा ‘ळ’च तसा आहे.”

साऱ्यांनी वडिलांकडे पाहिले. वकील गुण लिहावयाच्या फळ्यापाशी खडू धरोन उभे होते. “लग्नापासून तसाच आहे हिचा ‘ळ’,” ऐसी गंभीर साक्ष त्यांनी दिली आणि फळ्याकडे तोंड फिरविले.

आता निवाडा काकांवर आला. काकांनी हुंकारासाठी घसा साफ केला, पण आईसाहेबांनी त्यांस गाठले.

“काका, तुमच्या पॉलिसीत कसं असतं? जुना आजार असेल तर पैसे मिळणार नाहीत. पण अपघात झाला तर?”

“तर आजार असला तरी मिळतात.”

“मग हे तसंच! पहिला बेस भरलेला असेल तर पळता येत नाही. पण दोन आऊट असतील तर भरलेला असला तरी येतं.”

काकांच्या मुखावर प्रकाश पडला. “म्हणजे अपवादाचं कलम आहे हे! मग आधी नाही का सांगायचं!” आणि दोन्ही हात फैलावोन, सबंध कारकिर्दीत प्रथमच, कोणासही ऐकू यावे ऐसे ते बोलले, “सेफ!”

मास्तर हटले. जाता जाता आईसाहेबांस हलकेच पुसते झाले, “खरंच आहे का हो असा नियम?”

“बहुतेक,” आईसाहेब बोलल्या.

पुढली निळी टोपी तीन चेंडूंत गेली, आणि तिसरा कॅचरने छातीशी कवटाळला, आणि सामना संपला. तोवर टिचकी ठाण्यावर होती, आणि सभोवार ऐसी पाहात होती की मुलूख तिचाच. आईसाहेबांचे डोळे भरोन आले, आणि त्यांनी ते शिट्टीच्या दोरीस पुसले.

मग फौज घरोघर पांगली. मायलेकी बॅटींची पिशवी दोन बाजूंनी धरोन रस्त्याने चालल्या, वकील मागे. कोपरा वळताना टिचकीने वकिलास न विचारता, थेट, तोंड उघडले.

“आई, तू खरं काय ओरडत होतीस?”

आईसाहेबांनी मागे पाहिले. साक्षीदार आकाशाकडे पाहात होता.

“परत ये,” आईसाहेब बोलल्या. “पुन्हा चुकलंच माझं.”

“माहितीये,” टिचकी बोलली. “म्हणूनच तर पळाले!”

आईसाहेब रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हसल्या, आणि लेक हसली, आणि पिशवी सुटोन बॅटी गडगडत गेल्या त्या वकिलास गोळा कराव्या लागल्या.

येणेप्रमाणे पहिले ठाणे सर जाहले. जीवित हानी नाही. एक टोपी मळली, एक नियम अर्ध्याचा पुरा जाहला, आणि ‘ळ’ अक्षराची बदनामी जाहली ती सोसली पाहिजे. मुक्कामी पोहोचल्यावर जेवण्याचे समयी लेकीने मीठ आईकडे मागितले, आणि आईने हात लांब करोन दिले. वकिलास कामावरून कमी केले. फत्ते जाहली, ती लिहोन ठेविली असे.